आत्या, तुला दिवस बुडाल्यावर नेलं

आत्या, मला एका जागी बसवत नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, तुझा लेक पुन्हा धानाच्या बांधीवर जाऊ लागला, आणि मी घरात नुसती फिरून राहिले. मागच्या दाराचा पडदा ओढते, पुढच्या दाराशी येते, मग ओढला होता की नाही म्हणून पुन्हा मागे जाते. ओढलेलाच असतो. तू होतीस तेव्हा हे काम तुझं. सकाळी चहाच्याही आधी तू सगळ्या खिडक्या हाताने चाचपून बघायचीस, आणि मला चीड यायची, कारण मी ते आधीच करून ठेवलेलं असायचं. आता दोघींचं काम एकटी करते, तरी झाल्यासारखं वाटत नाही.

कोणी म्हणतं, लिही, मन हलकं होईल. शाळेतल्या बाईला लोक असलंच सांगतात. म्हणून लिहायला बसले, तर चार ओळी झाल्या की उठते आणि पडदा बघून येते. तू किती कष्ट केलेस, किती रोवण्या केल्यास, हे सगळं तेरवीला बोलून झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते नाही बोलायचं. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून गेलीस तू, ही काय रीत झाली?

तू गेलीस त्या सकाळपासूनच सांगते, कारण तिथेच माझा जीव अडकला आहे. पहाटे गेलीस. वैशाख, त्यात ऊन असं की सकाळीच आंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता. बायका जमल्या आणि लागलीच म्हणू लागल्या, "उन्हायाचे दिवस हाय वो, ठेवू नोका, लवकर न्या." तुझा लेक भिंतीला टेकून बसला होता, त्याला काही ऐकूच येत नव्हतं. आणि आपली तनू आतल्या खोलीत, तुझ्या खाटेच्या पायथ्याशी, तुझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरून. नऊ वर्षांची पोर, पण रडून गोंधळ घातला नाही तिने. मला एवढंच विचारलं, "आई, मी आजीसोबत विसाव्यापर्यंत जाऊ ना?"

आपल्या गावात बायका-पोरी विसाव्यापर्यंत जातात. तिरडी जिथे खाली टेकवतात, तिथे तोंडात पाणी घालायचं, पाया पडायचं आणि परतायचं. पुढे पुरुष नेतात. गावची सगळी पोरं जाणार होती. जिला तू पाठीवर वाढवलंस ती एकटीच जाऊ शकत नव्हती, कारण तिला ऊन चालत नाही. तुम्हा-आम्हाला चालत नाही तसं नव्हे. वैशाखाच्या दुपारी विसाव्यापर्यंत, बोडीच्या तळ्याच्या पारीपर्यंत चालली, तर दोन दिवसांनी तिच्या तोंडाची सालं निघतील, आणि पुढे काय होईल ते डॉक्टर सांगतात तेव्हा मी खाली बघते. तरी मी तिला म्हटलं, "जाशील." कशी जाईल ते मला ठाऊक नव्हतं. मी पदर खोचला आणि ठरवलं, दिवस बुडेपर्यंत कोणी तुला हलवायला आलं तर उंबऱ्यात आडवी पडेन.

हा हट्टी स्वभाव मला कुठून आला हे तुला सांगायला नको. तू माझ्या बापाची बहीण. आधी आत्या, मग सासू. मी माहेरी, दरेकशाला, फ्रॉक घालून फिरत होते तेव्हापासून तू सांगत होतीस, "भावाची पोट्टी माह्याच घरी येईल. बाहेरची कोनी आली तं मले पानी तरी देईल का?" आपल्याकडे आत्याच्या घरी पोरगी देणं ही रीतच. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. मला तर बरंच वाटलं होतं. सासू ओळखीची, शिव्या ओळखीच्या.

तनू झाली तेव्हा तू किती नाचलीस! मोहाच्या टोळीचं, बियांचं तेल स्वतः काढून आणलंस, पोरीला रगडलंस, आंघोळ घातलीस आणि आंगणात गोधडीवर उन्हाला ठेवलंस. कोवळं ऊन, हाडं घट्ट होतात. गावातलं प्रत्येक लेकरू असंच वाढलं, मी वाढले, तुझा लेक वाढला. दोन दिवसांनी पोरीचं तोंड लाल झालं आणि गालावर, कपाळावर फोड आले. दोन दिवसांनी, हे लक्षात ठेवायला हवं होतं आपण. त्याच दिवशी आले असते तर एखाद्या अडाण्यालाही कळलं असतं. पण ऊन एका दिवसाचं आणि फोड तिसऱ्या दिवसाचे, कोण जोडणार? तू बघितलंस आणि पदर डोक्यावर घेऊन हात जोडलेस. "माता आली."

माता आली, अंगावर देवी उठल्या, म्हणजे मग सगळं आलंच. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, परक्याची सावली नको, आणि पोर अंधाऱ्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर. तू तिच्याजवळ बसून राहायचीस. आणि ती बरी व्हायची, आत्या! दर वेळी बरी व्हायची. फोड सुकायचे, पोर हसायला लागायची, तू म्हणायचीस, "पाहाय, मातामायनं ऐकलं." मग कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालायचीस, नवं झबलं चढवायचीस, नारळ घ्यायचीस आणि भर उन्हात तिला कडेवर घेऊन गावाबाहेरच्या मातामायच्या पाया पडायला न्यायचीस. दोन दिवसांनी माता परत. तुझं औषध बरोबर होतं, फक्त आजार भलताच धरला होता. तू तिला बरी करायचीस आणि तूच उन्हात नेऊन आभार मानायचीस. आता हे लिहिताना मला हसू येतंय आणि लगेच उठून मी पडदा बघून येते.

डॉक्टर दाखवले नाहीत असं कोणी म्हणू नये. कोणी गरमी म्हणालं, कोणी ॲलर्जी म्हणालं, कोणी मलम दिलं. तोवर पोरीच्या तोंडावर तीळ आले, नाकावर, गालांवर, हातांवर. बायका म्हणायच्या, नशीबवान आहे, तिळाची पोरगी. उजेडात नेली की डोळे मिटून माझ्या छातीत तोंड खुपसायची. लाजते, म्हणायच्या. आम्ही सगळ्याच किती हौशीने चुकत होतो.

मग गोंदियाच्या त्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई. तरणी पोरगी, हिंदी बोलणारी, तुला आधी ती आवडलीच नव्हती. "हे काय पाहीन, हिचंच तोंड सुकलं हाय." तिने तनूला खिडकीपासून लांब बसवलं, हाताचे, मानेचे तीळ बघितले, मग झबल्याखालचं पोट बघितलं. पोट, जिथे ऊन पोचत नाही, साफ होतं. मग तुझ्याकडे वळून म्हणाली, "माताजी, एक ही बच्ची को माता कितनी बार आएगी?" तू म्हणालीस, "तिच्या मनात येईल तितक्यांदा." ती हसली नाही. तिने विचारलं, पोर बरी कुठे होते? तू म्हणालीस, घरात. घरात कुठे? अंधाऱ्या खोलीत. आणि बरी झाल्यावर पहिल्यांदा बाहेर कुठे नेता? तू मातामायचं सांगितलंस, ऐटीत, नारळासकट. त्या पोरीने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

मग तिने विचारलं, "शादी रिश्ते में हुई है क्या?" तुझी छाती फुगली. "माह्या भावाची पोट्टी हाय ना ही! बाहेरची नाही आणली आमी." डॉक्टरीणबाईने लिहिणं थांबवलं. मग हळूच, "खानदान में किसी बच्चे को धूप से ऐसा होता था? आपके मायके में?" तू लगेच म्हणालीस, "कोनालेच नाही." इतक्या लगेच, की मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझं लक्ष तनूकडे होतं.

नागपूरला पाठवलं, रक्त तपासलं, नाव कळलं. झिरोडर्मा पिगमेंटोझम. त्यातलं तू फक्त 'झिरो' उचललंस आणि मरेपर्यंत त्याला झिरोच म्हणालीस. उन्हाने चामडीला जी इजा होते ती तुमचं-आमचं शरीर आतल्या आत सांधून घेतं, तनूचं शरीर ते सांधू शकत नाही, असं त्यांनी समजावलं. इजा साठत जाते, चामडीवर, डोळ्यांवर, आणि त्यातून गाठी होतात, कॅन्सर होतो, लहान वयातच. पुसून टाकेल असं औषध नाही. ऊन टाळायचं, पूर्ण टाळायचं, आणि सतत तपासत राहायचं. अंग झाकायचं, मलम लावायचं, डोळ्यांना चष्मा, खिडक्यांना पडदे, आणि उन्हातून हाडांना जे मिळतं ते थेंबांतून द्यायचं. लवकर कळलं, हे तुमचं नशीब, म्हणाले. आणि हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, एकाकडून आला तर काही होत नाही. परतीच्या बसमध्ये तू दवनीवाडा येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, मळमळतंय तुला.

त्यानंतरची भांडणं आठवतात? रोज एक. पावसाळ्यात तू तिला उचलून बोडीवर नेलंस. मी धावत आले तर म्हणालीस, "कुठं ऊन हाय? आभाळ तं सारं भरलं हाय!" मी सांगत होते, ढगातूनही येतं ते. "मग डोऱ्याले काऊन नाही दिसत?" रोवणीच्या दिवसांत तू तिला बांधावर मोठ्या छत्रीखाली बसवलंस, मी ओरडले की बांधीतल्या पाण्यावरून उलटून येतं. तू चिखलाच्या हातांनी कपाळाला हात लावलास, "वरूनही येते, खालूनही येते, तं लेकराले पेटीत भरू का बाप्पा?" मी म्हटलं, भर. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस, पण त्या चार दिवसांत तिला बाहेरही नेलं नाहीस.

मी तिच्यासाठी टोपी शिवली, मानेवर झालर, तोंडापुढे पारदर्शक पडदा. तू बघितलंस आणि म्हणालीस, "दरेकशाच्या डोंगरावर मोहोळ काढाले चालली का?" तनू खदखदून हसली. त्या दिवसापासून ती टोपीला मोहोळ म्हणते आणि टोपी घालायला कधी रडली नाही. मी तासभर समजावून जे झालं नसतं ते तुझ्या एका टोमण्याने झालं. हे तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण तू डोक्यावर बसली असतीस.

आणि शाळा! गावच्या शाळेत तिला घातलं, आणि मी दुसऱ्या गावच्या शाळेवर. तिच्या वर्गाच्या खिडकीला पडदा लावला होता, पण लाईट गेली की वर्गात उकडायचं आणि पोरं पडदा सारायची. मास्तर तरी कुठे कुठे बघणार. एक दिवस मी परत आले तर कळलं, तू जाऊन त्या खिडकीत पाठ लावून बसलीस. "मास्तर, मले भिंत समजा," म्हणालीस. रोज बसलीस. रोवणीचे दिवस सोडले नाहीस, कापणीचे सोडले नाहीस. पोरं म्हणायची, आजी पहिली पास झाली, आजी दुसरीत गेली. तू पाढे म्हणायचीस त्यांच्यासोबत, चुकीचे. एखाद्या पोराने तनूच्या तिळांवरून काही म्हटलं की तुझी काठी बेंचवर. शाळेतून तक्रार माझ्याकडे यायची, कारण मी बाई ना. शाळा आता थोड्या दिवसांत उघडेल. त्या खिडकीत कोण बसणार, सांग ना. मी रात्रंदिवस हाच विचार करून राहिले.

मागच्या हिवाळ्यात तिच्या नाकाच्या बाजूला दाणा आला. मोहरीएवढा. मी बघितला आणि पिशवी भरायला घेतली. नागपूरला नेलं, ते म्हणाले काढू, लवकर आणलंत. तू अडून बसलीस. "पोट्टीच्या तोंडाले चाकू? लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, लोकांच्या नाकाला लावत नाहीत. शेवटी आलीस, आणि दवाखान्यात तिचा हात तूच धरलास, मला बाहेर बसवून. काढलेला दाणा वाईटच निघाला, पण पूर्ण निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत झालं.

घरी परत आल्यावर संध्याकाळी तू तिच्या केसांना तेल लावत होतीस. तिच्या नाकावर पट्टी. आणि तू तेल लावता लावता, जणू काही भाव विचारावा तसं, बोलून गेलीस, "माह्या सोनीच्या नाकावरही असंच आलं होतं."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. "कोण सोनी?"

"माही धाकटी बहीण. तुह्या बापाच्या पाठची."

तनूने मान वळवून विचारलं, "सोनीआजी? तिलाही झिरो होता?" तू म्हणालीस, "हो, माय. तुह्यासारखीच होती." मी तनूला आत पाठवलं, दार लोटलं. बापाने मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं की त्यांना सोनी नावाची बहीण होती. मग तू सांगितलंस. ती उजेडाला भ्यायची म्हणून तिला गुरांच्या कोठ्यात ठेवायचे, तिथे अंधार असायचा. लोक म्हणायचे, बाहेरची बाधा आहे. तिचं तोंड तिळांनी काळं झालं, नाकावरचा दाणा वाढत गेला, कोणी नेलं नाही दवाखान्यात, आणि ती गेली. तू तिच्यासाठी भाकर घेऊन कोठ्यात जायचीस. "बाबानं तिले भर दुपारी नेलं, मंदे. मी मागं धावली. म्हटलं, बाबा, सोनीले ऊन लागते, सांजेले न्या. बाबानं मले थापड मारली. मेलेल्याले कायचं ऊन, म्हने."

मी तेव्हा तुला जवळ घ्यायला हवं होतं, असं आता कोणीही म्हणेल. पण मला त्या वेळी दुसरंच दिसत होतं. मी ओरडले. तुला ठाऊक होतं! डॉक्टरीणबाईने तोंडावर विचारलं तेव्हा तू 'कोनालेच नाही' म्हणालीस! पहिली माता आली तेव्हा तुला सोनी आठवली नाही? तू म्हणालीस, "आठवून काय करनार होती मी? माता म्हटलं तं लेकरू बरं होते. सोनीचं म्हटलं तं..." मग मी ते बोलले, जे त्या बसपासून माझ्या मनात होतं. तू मला ह्या घरात आणलं नसतंस, दुसरीकडे दिलं असतं, तर माझी पोर अशी नसती.

तू तेलाची वाटी खाली ठेवलीस. माझ्याकडे नीट बघितलंस. आणि म्हणालीस, "तं हे पोट्टीच नसती, मंदे."

आत्या, ह्याला उत्तर काय द्यायचं? मी तेव्हापासून शोधून राहिले. कधी धान पाखडताना सुचतं, कधी वर्गात फळ्याकडे तोंड असताना. दुसरी पोर असती, उन्हात खेळणारी. हो, असती. पण तनू नसती. आणि मला तनूच पाहिजे. पण ही अशी नको. पण तनू तर अशीच आहे. एवढ्यावर येते आणि मला तुझा राग येतो. आपण मग पुढे कितीदा ते भांडण उकरलं, मीठ कमी पडलं तरी तिथे जायचो, आणि दर वेळी तू तेच म्हणायचीस, आणि दर वेळी मी उठून जायचे. तू 'चुकलं माझं' म्हणाली नाहीस. मला ते ऐकायचं होतं. खोटं कशाला बोलू, अजूनही ऐकायचं आहे.

तर त्या सकाळी मी पदर खोचून उंबऱ्यात उभी राहिले. आंगणात मांडवाच्या सावलीत तुझे दीर, आपले नथ्थूकाका, आणि भावकीतली माणसं बसली होती. बायकांचं चालूच होतं, लवकर न्या, लवकर न्या. मी जोरात म्हटलं, "कोणी हात लावायचा नाही. दिवस बुडाल्याशिवाय आत्याला मी उचलू देणार नाही. माझी पोर विसाव्यापर्यंत जाणार आहे." मला वाटलं आता भडकतील. मी पुढची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती, सगळी कडक.

नथ्थूकाकांनी तोंडातला तंबाखूचा खर्रा बाजूला केला. "कोन नेऊन राहिलं वो? बांबू तं अजून तोडलेच नाही."

मला कळेना.

"बुढीनं सांगून ठेवलं हाय ना," ते म्हणाले. "पोट्टीच्या नाकाचं आपरेशन झालं तवापासून. मी मेली तं दिवस बुडाल्याशिवाय हालवू नोका, माही तनू येईन विसाव्यावर. मी म्हटलं, वैनी, दिवस बुडाल्यावर आग देत नाही आपल्यात. तं म्हनते, मोडला नियम तं पाप माह्या डोक्यावर, तसंही मी जाऊनच राहिली!"

कोणीतरी हसलं. मग मांडवाच्या कडेला बसलेला भावकीतला एकजण म्हणाला, मलेही सांगतलं होतं. बांबू तोडणारा म्हणाला, मलेही, दोनदा. पाटाच्या पलीकडच्या घरची म्हातारी म्हणाली, माह्या घरी येऊन चहा पिऊन सांगून गेली. लवकर न्या म्हणणाऱ्या बायका पाहुण्या होत्या, बाहेरगावच्या, त्यांना तेवढं ठाऊक नव्हतं. गाव सगळं गप्प बसून संध्याकाळची वाट बघून राहिलं होतं. काकांनी गोंदियाहून बर्फ मागवून ठेवला होता. मी माझी कडक वाक्यं घेऊन उंबऱ्यात उभी.

आत गेले, तनूला म्हटलं, आजीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "हो. मलाही." मला का नाही सांगितलं मग? तनू म्हणाली, "आजी म्हणाली, तुह्या आईले नोको सांगू, ते भांडते."

तेव्हा मी रडले, आत्या. दिवसभरात पहिल्यांदा. रागाने की कशाने, मला माहीत नाही.

दिवस बुडाला आणि तुला उचललं. आभाळ अजून लालसर होतं. तनू माझ्या बोटाला धरून चालत होती, टोपी, पडदा, हातमोजे, सगळं चढवून. ती इतक्या माणसांच्या मध्ये, गावच्या रस्त्यावर, बाकीच्या पोरांच्या सोबत चालत होती. कोणी मागे वळून बघितलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. मातामायच्या कडुलिंबापाशी आलो तर तिने थांबून हात जोडले, तू शिकवलं होतंस तसे. बोडीच्या पारीवर तिरडी टेकवली. तिने माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं, तिला कळतं आता, आणि स्वतःच मोहोळ काढून माझ्या हातात दिलं. तिच्या तिळांच्या तोंडाला वारा लागला. तिने तुझ्या तोंडात पाणी घातलं, थोडं तुझ्या हनुवटीवरून गेलं, ते तिने आपल्या ओढणीने पुसलं.

तुझं मला पटलं, असं नाही. तू सोनीचं आधी सांगितलं असतंस तर पोरीला इतक्यांदा भाजावं लागलं नसतं, हे मी कोणालाही सांगेन, तुलाही. आणि तू नसतीस तर ती आज त्या पारीवर उभी नसती, हेही सांगेन. दोन्ही एकदम मला धरता येत नाही, म्हणून मी फिरून राहिले ह्या घरात.

माणसं तुला घेऊन पुढे गेली. आम्ही बायका परतलो. अंधार पडत होता, तनू टोपीशिवाय चालत होती, आणि मध्येच तिने विचारलं, "आई, सोनीआजीलापण असंच दिवस बुडाल्यावर नेलं होतं?"

मी म्हटलं, "हो."

धडधडीत खोटं बोलले. तू असतीस तर तूही हेच बोलली असतीस, आणि आयुष्यात एकदा तरी आपलं भांडण झालं नसतं.